राजवाड्यांतील मुलें आणि मुलांचीं पुस्तकें

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनीं कोणत्या कादंबऱ्या वाचाव्या, हा विषय दैनिक पत्राच्या अग्रलेखांत कशाला, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु दिवाळीच्या सुटींत आणि शाळांच्या बक्षीससमारंभांच्या वेळीं पदरचे पैसे खर्चून हीं पुस्तकें विकत घेणारा वर्ग तोच आहे. मूठभर दाणे हातांत घेऊन पाहिल्यावांचून जो धान्याचा सौदा करीत नाहीं, तोच गृहस्थ पुस्तक घेतांना वेष्टनावरील घोडेस्वार आणि नथ घातलेली राजस्त्री एवढें पाहून संतुष्ट होतो. आंत काय भरलें आहे तें मूल वाचतें, बाप वाचीत नाहीं. म्हणून हे चार शब्द.

ऐतिहासिक कादंबरीविषयीं आमच्या मनांत अनादर आहे असें कोणीं समजूं नये. १८७१ सालीं गुंजीकरांची 'मोचनगड' निघाली, मागून हरिभाऊ आपटे आले, नाथमाधव आले, आणि महाराष्ट्रांतील दोन-तीन पिढ्यांस वाचनाची गोडी लागली ती बऱ्याच अंशीं याच पुस्तकांनीं. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ सालीं प्रसिद्ध झाली तेव्हांपासून पुण्याचा पेशवे दरबार तर घरोघरचा झाला. ती प्रौढांसाठीं लिहिलेली कादंबरी. तिच्या मागून खास किशोरांसाठीं म्हणून जीं पुस्तकें निघत आलीं, त्यांपैकीं पुष्कळांविषयीं आमची तक्रार आहे. त्यांत दरबार आहे, पण मुलें नाहींत. नायक सोळा वर्षांचा म्हणून सांगतात आणि पहिल्याच प्रकरणांत तो साठ वर्षांच्या मुत्सद्द्याप्रमाणें बोलूं लागतो. नायिका मेणा, पैठणी व ओवाळणीचें तबक यांपलीकडे जात नाहीं.

आतां खरा प्रकार काय होता तो पाहा. पानिपतानंतर १७६१ सालीं पेशवाईचीं वस्त्रें माधवरावांस मिळालीं तेव्हां त्यांचें वय सोळा. त्यांच्या मागून नारायणराव आले ते सतराव्या वर्षीं, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं त्यांस मारलें तेव्हां त्यांस अठरा वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं. त्यांचा मुलगा सवाई माधवराव एप्रिल १७७४ मध्यें पुरंदर किल्ल्यावर जन्मला व चाळीस दिवसांचा असतां पेशवा झाला. पाळण्यांत पेशवा! आणि ज्या छत्रपतींच्या नांवानें हीं वस्त्रें येत, ते साताऱ्यास जवळजवळ नजरकैदेंत. एवढा मोठा दरबार चौतीस वर्षें चालला तो मिसरूड न फुटलेल्या, किंवा नुकतीच फुटलेल्या, मुलांच्या नांवानें. तरुण वाचकास याहून जवळचा विषय कोणता असूं शकेल?

आळेगांवची गोष्ट घ्या. नोव्हेंबर १७६२ मध्यें चुलत्या-पुतण्यांत उघड लढाई जुंपली. घर फुटून राज्य बुडूं नये म्हणून सतरा वर्षांचे माधवराव आपण होऊन राघोबादादांच्या छावणींत गेले व त्यांच्या स्वाधीन झाले. पुढल्याच वर्षीं राक्षसभुवनास निजामाचा मोड झाला, तो त्याच दादांस बरोबर घेऊन. यांपैकीं दुसरी गोष्ट मुलांच्या पुस्तकांत बहुधा सविस्तर व सचित्र असते. पहिली चार ओळींत गुंडाळलेली. वास्तविक कठीण होती ती पहिलीच. लढाईची हकीकत बखरकारहि सांगतो. चुलत्याच्या तंबूंत पाऊल टाकतांना त्या मुलाच्या मनांत काय चाललें असेल, हें सांगावयास कादंबरीकार पाहिजे. आमच्या सावकार वाचकांस येथें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मरणापूर्वीं माधवरावांनीं जीं नऊ कलमें लिहवून घेतलीं, त्यांत कर्ज फेडण्याचें कलम आहे. वाडवडिलांच्या स्वाऱ्या सावकारांच्या पैशावर निघाल्या होत्या, आणि तो बोजा वारशानें सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर आला होता. अंबारीच्या हत्तीखालीं अशी खतावणी होती. दुकानदाराच्या मुलास ही कथा वाचतांक्षणींच आपली वाटेल, पण ती त्यास सांगतो कोण?

सवाई माधवरावांची कथा याहूनहि हृदयद्रावक आहे. बाप जन्मापूर्वींच मारला गेला. आई गंगाबाई तो तीन वर्षांचा असतां वारली. १७८३ सालीं लग्न झालें तेव्हां नवरदेवास नऊ वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. त्या लग्नाच्या बंदोबस्ताची भली लांबलचक यादी कारभाऱ्यांनीं केली. नाशिकहून आजी गोपिकाबाईंनीं नातवानें कसें वागावें याचीं कलमें लिहून पाठविलीं. त्या पोरासाठीं इतक्या माणसांनीं इतकें लिहिलें. त्यास स्वतःस काय आवडत होतें, याचा मागमूस लागतो तो पर्वतीच्या पायथ्याशीं त्यानें बाळगलेल्या जनावरांत. पुढें शिवनेरीवर कैदेंत असलेल्या दादांच्या मुलाशीं, बाजीरावाशीं, त्यानें गुप्त पत्रव्यवहार सुरू केला. ज्याच्यावर आपल्या बापाच्या खुनाचा ठपका, त्याचाच तो मुलगा. पण बरोबरीच्या वयाचा दुसरा भाऊ होता कोठें? नाना फडणिसांनीं हें प्रकरण पकडलें व दोघांवरील पहारे कडक केले. खर्ड्याच्या विजयास सात महिने होतात न होतात, तोंच ऑक्टोबर १७९५ मध्यें हा एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालीं पडला व दोन दिवसांनीं वारला. तापाच्या भरांत पडला कीं जीव द्यावयाचा म्हणून उडी टाकली, यावर इतिहासकारांचें एकमत नाहीं. नाना दुष्ट होते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं; राज्य राखलें तें त्यांनींच. परंतु पालक कर्तबगार असून पाल्य गुदमरूं शकतो. शिकवणीचे वर्ग आणि गुणांचे तक्ते यांच्या पहाऱ्यांत मुलें वाढविणाऱ्या आजच्या आईबापांनीं ही कथा मुलांच्या आधीं स्वतः वाचावी.

मुलींचा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. १७७२ सालीं थेऊरास माधवरावांमागें रमाबाई सती गेल्या, हें सत्य आहे व तें लिहिलेंच पाहिजे. परंतु तें लिहितांना चितेस आरतीचा थाट कां यावा? मुंबई इलाख्यांत सतीची चाल १८३० सालीं कायद्यानें बंद झाली, आणि १९८७ च्या कायद्यानें सतीचा उदोउदो करणें हाहि गुन्हा ठरला. कादंबरीकाराच्या मागें पोलीस लावावे हें आमचें म्हणणें नव्हे. त्या तरुण स्त्रीचें वय, तिची भीति, आणि तिच्या भोंवतीं हात जोडून उभे असलेले वडीलधारे, एवढें त्यानें डोळे उघडे ठेवून दाखवावें. गंगाबाईकडेहि असेंच पाहावें. नवरा मारला गेलेला, पोटांत मूल, आणि बारभाईंचें सगळें राजकारण तिला मुलगा होतो कीं मुलगी होते यावर टांगलेलें. मुलगी झाली असती तर तिचें काय झालें असतें? हा प्रश्न कोणा लेखकानें एकदां तरी विचारावा. आणि वाड्यांतील कुणबिणी? या विकत घेतलेल्या दासींच्या नोंदी त्या काळच्या कागदांत आहेत. कादंबरींत त्या येतात त्या चवरी ढाळण्यापुरत्या. त्यांचें कोणी नांवहि विचारीत नाहीं.

हे सर्व जुने प्रकार झाले, आतां त्यांचें काय, असें म्हणण्याची सोय नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें २२ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं. चिमुकल्या नवरीचें कौतुकभरलें वर्णन ज्या वर्गांत वाचलें जातें, त्याच वर्गांतून एखादी मुलगी सुटी संपल्यावर परत येत नाहीं. त्या वर्णनानें तिचें लग्न ठरलें असें नव्हे. परंतु मंडपांत एक तोरण अधिक लागलें खास.

अशीं सत्यें कोंवळ्या मनांस सांगूं नयेत, त्यानें पूर्वजांविषयींचा अभिमान जाईल, असा आक्षेप येईल. त्यास पूर्वजांकडूनच उत्तर आहे. नाना फडणीस पानिपतावर गेले तेव्हां एकोणीस वर्षांचेहि नव्हते. आई त्या धामधुमींत अंतरली, स्वतः कसेबसे वांचून परत आले. त्यांनीं जें छोटेंसें आत्मचरित्र लिहून ठेवलें त्यांत त्या वयांतील वासना, भय आणि पश्चात्ताप इतक्या मोकळेपणानें सांगितले आहेत कीं, आजचा किशोरसाहित्याचा प्रकाशक तीं पानें छापावयास कचरेल. अठराव्या शतकांतील फडणिसास जें लिहितां आलें, तें आमच्या लेखकांनीं झांकून ठेवावें काय? 'ध चा मा' केल्याचा डाग दोनशें वर्षांहून अधिक काळ आनंदीबाईवर आहे, आणि तो फेरफार तिनेंच केला हें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. पण सोळा वर्षांच्या मुलाचा पाषाणाचा पुतळा करणारे आणि अजाण नवरीची देवी करणारे लेखक रोज तोच उद्योग करतात, आणि आम्ही त्यांस बक्षिसें देतों.

साधनें नाहींत ही सबब चालणार नाहीं. पेशवे दफ्तरांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून पुढें ४५ भागांत छापून काढले; मूळ मोडी दफ्तर पुण्यांत आहेच. ज्यांच्या संस्था बक्षिसाचीं पुस्तकें शेंकड्यानें घेतात, त्या व्यापारी मंडळांनीं एखाद्या वर्षीं तो खर्च थोडा वळवून दोन-तीन तरुण लेखकांस मोडी शिकण्यापुरती व दफ्तरांत वर्षभर बसण्यापुरती मदत करावी. एका समारंभाच्या मांडवाहून हा खर्च मोठा होणार नाहीं. तोंवर, पुस्तक घेतांना मधलें कोणतेंहि पान उघडून त्यांतील मुलगा सोळा वर्षांचा वाटतो कीं नाहीं एवढें पाहावें, आणि वाटत नसल्यास पुस्तक ठेवून देऊन कां ठेवलें तें दुकानदारास स्पष्ट सांगावें.