जंतु तेवढा वैरी काय ?

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत आम्हीं एक साधा प्रश्न विचारला : "जंतु म्हणजे काय ?" बहुतेक मुलांनीं हात वर केले आणि जवळजवळ सर्वांचें उत्तर एकच आलें : "सर, जंतु म्हणजे रोग." उत्तर ऐकून आम्हांस हंसूं आलें नाहीं, कारण या दोषांत आमचाहि वांटा होता. हात धुवा, पाणी उकळा, माशा बसूं देऊं नका, जंतु मारा, हें आम्हीच त्यांस लहानपणापासून सांगत आलों. हें शिकवणें खोटें नव्हे. परंतु तें अर्धें आहे. आणि अर्धें ज्ञान कधीं कधीं किती महाग पडतें, याचा अनुभव आम्हांस त्याच वर्षीं आला.

आमच्या वसतिगृहांतील एक तेरा वर्षांची मुलगी एकाएकीं फार पाणी पिऊं लागली व दिवसेंदिवस वाळूं लागली. डॉक्टरांनीं तपासून मधुमेहाचें निदान केलें, आणि त्या दिवसापासून रोज इन्सुलिन टोचून घेणें तिला प्राप्त झालें. पुढें कोणा विद्यार्थ्यानें कोठेंतरी वाचलें कीं, हें औषध मनुष्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या जंतूंकडून करवून घेतात. झालें ! मैत्रिणी तिच्या पंक्तीस बसेनात. सुटींत ती घरीं गेली तेव्हां ही वार्ता तिच्या आईच्याहि कानीं पडली. "विष्ठेंतले जंतु माझ्या लेकराच्या अंगांत टोचतात !" असें म्हणून त्या माउलीनें इन्सुलिन बंद केलें आणि काढे सुरू केले. तिसऱ्या दिवशीं मुलगी ग्लानींत रुग्णालयांत पोंचली. देवाच्या दयेनें ती वांचली. त्या आईस आम्ही दोष देत नाहीं. तिनें जें केलें तें प्रेमानें केलें. परंतु जंतु तेवढा वैरी, ही जी शिकवण आम्हीं सर्वांनीं तिच्या मनांत रुजविली होती, तिचेंच हें फळ होतें.

तर मग जीवाणु म्हणजे खरोखर काय, तें पाहूं. हॉलंडांतील डेल्फ्ट शहरीं लेव्हेनहूक नांवाचा एक कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्यानें पाण्याचे थेंब न्याहाळले, आणि त्यांत अतिसूक्ष्म जीव वळवळतांना दिसल्याचें १६७६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें. पुढें १६८३ सालीं त्यानें दांतांवरचा मळ पाहिला, तर तोहि अशाच जीवांनीं गजबजलेला आढळला.

जीवाणूचें सारें शरीर म्हणजे एकच पेशी. आपल्या पेशींत केंद्रक असतें, तसें तिच्यांत नसतें. जन्माची सारी शिदोरी बहुधा डी. एन. ए. च्या एका लांब वेटोळ्यांत मोकळीच पडलेली असते. आंतड्यांत राहणारा जो इ. कोलाय नांवाचा जीवाणु एशेरिख या डॉक्टरानें १८८५ सालीं वर्णिला, त्याची लांबी मिलिमीटरचा सुमारें पांचशेवा भाग. त्याच्यांत नर-मादी नाहीं. वाढ पुरी झाली कीं तो मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. अन्न व ऊब भरपूर असली तर यास वीस मिनिटें पुरतात. गणिताची आवड असणारांनीं हिशेब करून पाहावा : दहा तासांत तीस वेळां दुप्पट होऊन एकाचे १०७ कोटींहून अधिक होतात ! अर्थात् अन्न संपतें, मळ सांचतो, आणि ही वाढ थांबते. परंतु वाढीचा हा वेग लक्षांत ठेवावा. रोगांत जो वेग भयंकर ठरतो, तोच कारखान्यांत उपकारक ठरतो.

पटकी, विषमज्वर, क्षय हे जीवाणूंमुळेंच होतात, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु एका गांवांत चार चोर निघाले म्हणून सारा गांव चोर ठरत नाहीं. रात्रीं आई दुधास विरजण लावते, तें विरजण म्हणजे जीवाणूच. दुधांतील साखरेचें ते आम्ल करितात आणि सकाळीं दहीं होतें. भुईमुगाचें रोप हलकेच उपटून पाहा. मुळांवरील बारीक गांठींत जे जीवाणु राहतात, ते हवेंतील नायट्रोजन बांधून झाडास खत पुरवितात. इतकेंच काय, क्षयाच्या जीवाणूस मारणारें स्ट्रेप्टोमायसिन हें औषध १९४३ सालीं अमेरिकेंत सांपडलें, तेंहि मातींतील एका जीवाणूनें बनविलेलें.

आतां इन्सुलिनची गोष्ट. आपल्या स्वादुपिंडांत तयार होणारें हें प्रथिन रक्तांतील साखर ताब्यांत ठेवतें. तें होईनासें झालें तर मुलें झिजून मरत. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं जनावरांच्या स्वादुपिंडापासून तें काढण्याचा मार्ग शोधला आणि १९२२ च्या जानेवारींत चौदा वर्षांच्या एका मुलास तें प्रथम टोचण्यांत आलें. पुढें सुमारें साठ वर्षें गाई-बैलांच्या व डुकरांच्या ग्रंथींवरच मधुमेहाच्या रोग्यांचें जीवित अवलंबून होतें. आणि हें प्राण्यांचें इन्सुलिन मनुष्याच्या इन्सुलिनशीं तंतोतंत जुळत नसल्यामुळें तें कित्येकांस सोसत नसे.

१९७३ सालीं कोहेन व बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं नवी युक्ति काढली. जीवाणूंत डी. एन. ए. च्या मोठ्या वेटोळ्याखेरीज कधीं कधीं लहान अंगठीसारखीं वेटोळींहि असतात. त्यांस प्लाझ्मिड म्हणतात. ही अंगठी विशिष्ट प्रथिनांच्या कातरीनें कापावी, तिच्यांत दुसऱ्या जीवाचा डी. एन. ए. चा तुकडा सांधावा, आणि अंगठी जीवाणूंत परत घालावी. मग जीवाणु ती नवी आज्ञा आपलीच समजून पाळतो, आणि दुभंगतांना पुढच्या पिढीसहि देतो. याच मार्गानें १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत इ. कोलायकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यांत आलें, व १९८२ सालीं अमेरिकेंत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. मोठमोठ्या टांक्यांत जीवाणु वाढवितात, मग ते फोडून इन्सुलिन वेगळें काढितात व अनेक वेळां शुद्ध करितात. रोग्याच्या कुपींत येतें तें शुद्ध इन्सुलिन. त्यांत जिवंत जंतु नसतो. कांहीं कारखाने आतां जीवाणूंऐवजीं पाव फुगविणाऱ्या यीस्टकडून हेंच काम करवितात.

आमच्या मुंबईस जंतूंकडून औषध मिळवणें नवें नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां डॉक्टर हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगचेच जंतु वाढविले, उष्णतेनें मारिले आणि त्यांची लस केली. आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. त्या वेळींहि लोक भ्याले. परळच्या संस्थेस १९२५ पासून त्यांचें नांव आहे, तें उगीच नव्हे.

कोणी म्हणेल, "पण असा जीवांच्या घडणींत हात घालणें धोक्याचें नाहीं काय ?" प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यास आम्ही अडाणी म्हणणार नाहीं. खुद्द शास्त्रज्ञांनींच तो प्रथम विचारला. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील असिलोमार येथें ते एकत्र जमले व आपल्याच प्रयोगांस त्यांनीं नियमांचे बांध घातले. सावधगिरी ती हीच : धोका कोणता, किती, व तो कसा टाळावा, हें जाणून वागणें. न जाणतां दूर पळणें ही सावधगिरी नव्हे. तें भय होय, आणि भयानें काय होतें तें आम्हीं रुग्णालयाच्या खाटेवर पाहिलें.

भय दोन्ही बाजूंनीं घात करितें. जो पालक जंतूच्या नांवानें इन्सुलिन टाकतो, तोच पुष्कळदां मुलास साधें पडसें झालें तरी "जंतु मारायचें औषध द्या" म्हणून डॉक्टरांच्या मागें लागतो. पडसें विषाणूंमुळें होतें. जीवाणूंवरील औषध तेथें चालत नाहीं. उलट तें उगीच घेतल्यानें पोटांतील उपयोगी जीवाणु मरतात, आणि जे चिवट ते तगून वाढतात. मग खऱ्या गरजेच्या वेळीं तेंच औषध निरुपयोगी ठरतें.

म्हणून पालकांस आमची विनंति इतकीच : हात धुवावे, पाणी उकळावें, हें तर चालूं ठेवावेंच, परंतु औषध सुरू करणें वा थांबविणें हें ऐकीव गोष्टींवर करूं नये, डॉक्टरांस विचारावें. आणि आम्हीं शिक्षकांनीं यापुढें "जंतु मारा" एवढेंच न शिकवतां कोणता जंतु काय करितो, हेंहि शिकवावें.

ती मुलगी आतां दहावींत आहे. तिच्या अनुमतीनेंच आम्हीं हें लिहिलें. जेवणापूर्वीं ती स्वतःच सुई टोचून घेते, आणि तिच्या शेजारची जागा आतां रिकामी राहत नाहीं. परवां एका लहान मुलीनें तिला विचारलें, "ताई, हें जंतूंचें औषध ना ?" ती म्हणाली, "होय. आणि तूं आतां दहीं खाल्लेंस ना, तेंहि त्यांचेंच."