पोकळ लाद्या : बिल्डरला अखेरचा इशारा

सर्वण, तालुका डिचोली येथील आपल्या प्रकल्पातले आम्ही सर्व फ्लॅटधारक आपणांस जाहीरपणे कळवत आहोत.

घरे नवी आहेत. लाद्या वाजत आहेत.

हॉलमधली लादी पाय पडला की दबते, पाय उचलला की टक्‌ करून जागेवर येते. सांध्यांतली भर भुगा होऊन रोज केरात निघते. स्वयंपाकघरात सिंकपुढच्या सांध्यातून पाणी आत मुरते आणि पाय दिला की गढूळ होऊन वर येते. गेल्या चवथीला चौरंग कुठे मांडायचा, हे काही घरांत लाद्या ठोकून ठरवावे लागले.

हे आपणांस ठाऊक आहे. तोंडी सांगितले. लेखी कळवले. फोटो दिले. आपल्या सुपरवायझरने स्वतः येऊन लाद्या वाजवल्या, मान डोलावली आणि तो गेला.

पावसाळा संपू द्या, म्हणालात. पावसाळा संपला.

मिस्त्री गावी गेला आहे, म्हणालात. मिस्त्री परतला आणि आपल्या पुढच्या इमारतीवर कामाला लागला.

आम्ही तरीही थांबलो. आपण त्याचा अर्थ चुकीचा लावलात.

एखादा कोपरा पोकळ वाजला म्हणून आम्ही गहजब केलेला नाही. लादी घट्ट असेल, सांधा शाबूत असेल, तर थोड्या पोकळ आवाजाने लगेच काही बिघडत नाही. एवढे आम्हांला कळते. आमची तक्रार हलणाऱ्या, दबणाऱ्या, काठाशी उचललेल्या आणि तडकलेल्या लाद्यांची आहे.

कारणही आता उघड्यावर आले आहे.

एका घरात लादी सुटून हातात आली. उलटून पाहिली. पाठ कोरी. कंपनीचे नाव जसेच्या तसे वाचता येत होते. खाली मालाचे पाच गोळे : कोपऱ्यांत चार, मधोमध एक. बाकी जागा रिकामी.

हवा दमट आहे म्हणून लाद्या सुटल्या, हे आपले उत्तर. गोव्याची हवा दमट आहे, हे पाया खणण्याआधीही ठाऊक होते.

जड कपाटांमुळे सुटल्या, हे दुसरे उत्तर. कपाटे ठेवण्यासाठीच माणसे घर घेतात.

खरे कारण साधे आहे. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही. प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत. नुसत्या सिमेंटच्या मालाला ती नीट धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागते. त्यासाठी आयएस 15477 हे भारतीय मानक आहे. हे अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने लादीखाली सगळीकडे पसरायचे असते. दोन लाद्यांत सांधा सोडायचा असतो, भिंतीलगत फट ठेवायची असते. नाहीतर उष्म्याने फुगलेल्या लाद्या एकमेकींना रेटून वर उठतात.

आपण गोळे टाकलेत. लाद्या एकमेकींना चिकटवून बसवल्यात. पैसे मात्र पूर्ण घेतलेत.

आता कायदा.

रेरा कायदा 2016 चा आहे. त्याचे कलम 14, पोटकलम 3 आपण पुन्हा वाचावे. ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष निदर्शनास आणला, की तो 30 दिवसांत, जादा पैसा न घेता दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. न केल्यास भरपाई द्यावी लागते.

ते 30 दिवस आपण केव्हाच घालवलेत.

यापुढे मुदत आम्ही ठरवू. हे पत्र पोचल्यापासून 15 दिवस. त्यांत पुढील गोष्टी व्हाव्यात.

एक. प्रत्येक घरात संयुक्त तपासणी. प्रत्येक लादी वाजवून पाहायची, सदोष लादीवर खडूने खूण करायची, खोलीवार यादी करून दोन्ही बाजूंनी सही करायची.

दोन. कामाचे लेखी वेळापत्रक. कोणत्या घरात कोणत्या तारखेला काम सुरू होणार आणि कोणत्या तारखेला संपणार, हे त्यात असावे.

तीन. कामाची पद्धत लेखी मान्य करावी. हलणारी लादी काढायची, जुना माल तासून जमीन साफ करायची आणि मानकाप्रमाणे नव्याने बसवायची. सांध्यात भोक पाडून इपॉक्सी सोडायचे आणि आवाज तेवढा बंद करायचा, ही मलमपट्टी चालणार नाही.

चार. त्याच छटेची लादी मिळत नसेल, तर ती खोली पूर्ण नव्याने घालावी. हॉलमध्ये ठिगळे नकोत.

पाच. न्हाणीघरातली लादी काढताना खालचे वॉटरप्रूफिंग फाटले, तर तेही नव्याने करावे आणि पाणी साठवून तपासून द्यावे.

सहा. सामान हलवणे, ढिगारा उचलणे आणि काम चालू असताना होणारी मोडतोड, हा सर्व खर्च आपला.

यांतली कोणतीही अट वाटाघाटीसाठी नाही.

पंधरा दिवस संपल्यावर काय होईल, तेही ऐका.

पणजीला गोवा रेरा प्राधिकरणाकडे तक्रार दाखल होईल. फ्लॅटधारकांच्या संघटनेला अशी तक्रार करण्याचा अधिकार कलम 31 देते. आपला नोंदणी क्रमांक शोधावा लागणार नाही. तो आपल्याच जाहिरातफलकावर ठळक छापला आहे.

भरपाईची मागणी कलम 71 खाली निवाडा अधिकाऱ्यापुढे जाईल. कायद्याच्या भंगासाठी कलम 61 खाली प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. लाद्या बदलण्याचा खर्च त्यापुढे किती, हा हिशेब आपल्या अकाउंटंटला विचारावा.

ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. रेरा आहे म्हणून ते बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे.

पुढच्या इमारतीसाठी आपणांस कारापूर-सर्वण पंचायतीचा भोगवटा दाखला हवा आहे. आमच्या इंजिनिअरच्या तपास अहवालाची प्रत पंचायतीकडे आपल्या अर्जाच्या आधी पोचेल.

त्या इमारतीत फ्लॅट पाहायला गिऱ्हाईक येते. आमच्या फाटकावरूनच येते. आम्ही त्यांच्याशी भांडणार नाही, आपली निंदाही करणार नाही. लादी कशी वाजवून पाहायची, एवढे दाखवू. निर्णय ते घेतील.

स्वतंत्र इंजिनिअर नेमला आहे. फोटो, पत्रे आणि पोचपावत्या तारीखवार लावून ठेवल्या आहेत. ती सुटलेली लादीही जपून ठेवली आहे.

सभेचा ठराव एकमताने झाला आहे. या प्रश्नावर एकेका घराशी वेगळी बोलणी करण्याचा प्रयत्न करू नये. कोणीही एकटा सही करणार नाही.

यापुढे फोन नको. निरोप नको. सुपरवायझर नको. लेखी उत्तर द्यावे, आपल्या सहीचे.

सोळाव्या दिवशी तक्रार दाखल होईल. त्यानंतरचा खर्च, दंड आणि नाचक्की, या सर्वांची जबाबदारी सर्वस्वी आपली राहील.