पोटासाठी बाटले म्हणे!

दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये, एवढे मलाही कळते. पण हे भांडण मी काढलेले नाही. फराळाच्या ताटांभोवती चार माणसे जमतात, गप्पा रंगतात, माझे आडनाव आणि माझा धर्म यांचा मेळ कोणाला तरी लागेनासा होतो, आणि मग एखादे सद्गृहस्थ हसतमुखाने विचारतातच, "तुमचे लोक दुष्काळात बाटले, नाही का?" विचारण्यात द्वेष नसतो. चकली मोडता मोडता विचारलेले असते. म्हणूनच त्याचे उत्तर द्यावेसे वाटते.

मी पिशोरचा. कन्नड तालुक्यातले हे मोठे गाव. मका, कपाशी, अद्रक पिकवणारे, आणि पाऊस हुकला की आभाळाकडे डोळे लावून बसणारे. माझे पणजोबा गावकुसाबाहेर राहत. ते ख्रिस्ती झाले छप्पन्नच्या दुष्काळानंतर, म्हणजे संवत 1956, इंग्रजी सन 1899-1900. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. यातले काहीच मी लपवीत नाही. तो दुष्काळ पडला नसता तर पणजोबा ख्रिस्ती झालेही नसते, हेसुद्धा मी कबूल करतो. माझा वाद त्यापुढचा आहे. संकटात भेटलेला देव खोटा, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

देहूच्या वाण्याची गोष्ट आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दुकान बुडाले, दिवाळे निघाले, थोरली बायको अन्न अन्न करीत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले आहे, आणि त्या आपत्तीमुळेच आपले मन देवाकडे वळले हेही. घराण्यात पंढरीची वारी आधीपासून होती, हे खरे; पण तुकारामशेट वाण्याचे तुकोबा झाले ते त्या दुष्काळाच्या पोटी. त्यांना कोणी 'दुष्काळी वारकरी' म्हटल्याचे मी तरी ऐकले नाही. म्हणू नयेच. मग तोच दुष्काळ माझ्या पणजोबांवर कोसळला, तर त्यांच्या भक्तीचा भाव धान्याच्या मापाने का ठरवता? एकाला वैराग्य झाले आणि दुसऱ्याला भूक लागली, असा निवाडा करताना तुम्ही भक्ती पाहत नाही, घर गावकुसाच्या आत होते की बाहेर, ते पाहता.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी 1874 च्या सुमारास, दक्षिणेतल्या दुष्काळी मुलखात, उपासमारीच्या दिवसांत गमावली. पोटासाठी धर्म सोडायचा तर तेव्हाच सोडावा! पण ही मुलगी भावाबरोबर पायी हिंडत राहिली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ठरवले, आणि बाप्तिस्मा तिने घेतला तो 1883 मध्ये, इंग्लंडात. मध्ये नऊ वर्षे गेली. बाप्तिस्म्यानंतरही जिथे पटले नाही तिथे त्यांनी आश्रय देणाऱ्या इंग्रज भगिनींशी पत्रांतून रोखठोक वाद घातला. विकत घेतलेले माणूस असे भांडत नसते. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. भूक काय असते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको होते.

आता धान्याचाच हिशेब करू. 1876-78 च्या दुष्काळात तेलुगू मुलखात क्लफ नावाचा एक अमेरिकन पाद्री होता. त्याने कालव्याच्या खोदाईचे काम घेऊन लोकांना मजुरी दिली, आणि मदतीचे काम चालू असेतो बाप्तिस्मा मागणाऱ्यांना थांबवून धरले. काम संपल्यावर, 3 जुलै 1878 या एका दिवशी, 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. मजुरी थांबल्यावर आलेल्या माणसांना पोटार्थी म्हणायचे कसे? बरे, इतके लांब कशाला जा! 1972 च्या दुष्काळात आपण सगळ्यांनी रांगेत उभे राहून अमेरिकेचा तांबडा मिलो आणला, खडी फोडायला गेलेल्यांनी सुकडी खाल्ली. भाकरी घशाखाली उतरत नव्हती, तरी खाल्ली. त्या मिलोने पिशोरात कोणाचा धर्म बदलल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आमची आजी सांगे, धान्य सगळ्यांनाच मिळाले, वाणी-कुणब्यांनाही मिळाले. पणजोबांच्या लक्षात राहिले ते वेगळेच. पाद्र्याने त्यांना आपल्या सतरंजीवर बसवून घेतले आणि त्यांच्या हातचे पाणी प्याला. एवढेच. तुम्हांला ही क्षुल्लक बाब वाटेल. ज्याला विहिरीपासून दहा हात लांब उभे राहावे लागे त्याला वाटली नाही.

आणि धर्म भाकरीसाठीच धरला असता, तर तो सोडायला 1950 इतके उत्तम साल नव्हते. त्या वर्षीच्या 10 ऑगस्टच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना राहिल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, आणि तो न्यायच झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला गेला. म्हणजे 1950 पासून भाकरी नेमकी उलट्या बाजूला आहे. माझ्या पुतण्याने अर्जात 'ख्रिस्ती' असे लिहिले तेव्हा समोरच्या कारकुनाने समजुतीने सांगितले, "जुनी जात लिहा की, कोण बघतो?" त्याने खोडले नाही. कित्येकजण खोडतात, चर्चच्या वहीत एक ओळख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी घेऊन आयुष्य काढतात. त्यांना दुतोंडी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांना नावे ठेववत नाहीत. मुलांच्या फीचे पैसे कोठून आणावेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

आमच्याकडे सगळे सोवळे आहे, असे मात्र समजू नका. दुष्काळाच्या वर्षी माणसांची डोकी मोजून ते आकडे अभिमानाने विलायतेस कळवणारे मिशनरीही होते. आज मला त्यांची शरम वाटते. शिवाय सोयरीक जुळवताना आमच्यातही हळूच पूर्वीची जात विचारली जाते. सतरंजीवरून सुरू झालेल्या धर्मात ही विचारपूस कोठून शिरली, यावरून माझे आमच्या मंडळींशी कायम वाजते. ते भांडण नाताळात घालीन. संपादकांनी जागा दिली, तर छापूनसुद्धा.