पाटी काढा, वही ठेवा

आपल्या संगणक कक्षात गेल्या सत्रापासून एक पाटी लागली आहे: 'क्यूजीआयएसमध्ये प्लगइन बसवू नये, अपडेट करू नये.' ही पाटी माझ्यामुळे लागली. म्हणून तिच्याविरुद्ध लिहिण्याचा पहिला हक्कही माझाच, असं मी मानतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं मोफत सॉफ्टवेअर. गॅरी शर्मन यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं. मूळ प्रोग्रॅममध्ये जे नाही ते प्लगइन जोडून मिळतं आणि ही प्लगइन्स जगभरातले लोक बहुतेक पायथॉनमध्ये लिहितात. आमच्या नकाशा मंडळाकडे असंच एक प्लगइन होतं. एखाद्या टेकडीवर उभं राहिलं तर कोणता भाग दिसेल आणि कोणता आड जाईल, ते रंगवून दाखवणारं. क्रॉस कंट्रीच्या मार्गावरच्या सहा ठिकाणांवरून काय दिसतं, याचा नकाशा आम्ही प्रदर्शनासाठी करत होतो. तीन ठिकाणं झाली होती. आदल्या रात्री प्रेपनंतर मला 'अपग्रेड ऑल' हे बटण दिसलं आणि मी ते दाबलं. का? दिसलं म्हणून.

नव्या आवृत्तीला पायथॉनची एक जादा लायब्ररी हवी होती, ती आपल्या मशीनवर नव्हती. प्लगइन उघडेनाच. जुनं परत आणावं, तर अपडेट होताना जुन्या फायलींच्या जागी नव्या येतात, आणि जुन्यांची नक्कल आम्ही ठेवली नव्हती. टेबलावर तीनच ठिकाणांचा नकाशा लागला. कक्षाच्या रजिस्टरमध्ये शेवटची सही सातवीतल्या एका कॅडेटची होती, त्यामुळे रगडा त्याला मिळाला. मी सरांकडे गेलो तो तिसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

सरांनी बंदी का घातली हे मला कळतं. पण कधीच अपडेट न करण्याचीही किंमत असते. २०१८ मध्ये क्यूजीआयएस ३ आलं तेव्हा पायथॉन २ सोडून पायथॉन ३ घेतलं गेलं. जी प्लगइन्स नव्याने लिहिली गेली नाहीत, ती तिथेच थांबली. पुढे १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ चा अधिकृत आधारही संपला. जुन्यालाच धरून बसलेल्याला एक दिवस सगळंच एकदम बदलावं लागतं.

शिवाय मूळ प्रोग्रॅमही शिकत असतो. जमिनीच्या चढउताराचा छेद काढण्यासाठी पूर्वी प्लगइन लागायचं. २०२२ मधल्या ३.२६ पासून ती सोय आतच आहे. आपल्या मशीनवर मात्र त्या कामाचं जुनं प्लगइन अजून पडून आहे. किट इन्स्पेक्शनमध्ये पेटीतून तीन वर्षांपूर्वीचा मोजा निघाला तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. इथे कुणी पेटीच उघडत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की एक वही ठेवावी. प्लगइनचं नाव, आवृत्ती, कुणी बसवलं, कशासाठी. अपडेट करण्याआधी प्लगइनचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्यावं. क्यूजीआयएस ३ मध्ये वेगवेगळी युजर प्रोफाइल करता येतात आणि प्रत्येकाची प्लगइन्स वेगळी राहतात. तेव्हा एका मशीनवर चाचणीचं प्रोफाइल असावं, नवं आधी तिथे चालवून बघावं, मगच बाकीच्या मशीनवर घ्यावं. प्रदर्शनाच्या आठवड्यात कशालाही हात लावू नये. 'एक्सपेरिमेंटल' प्लगइन्स दाखवण्याची खूण तर काढलेलीच बरी. प्लगइन म्हणजे शेवटी दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम, तो आपल्या फायलींपर्यंत पोहोचू शकतो.

सरांच्या परवानगीने मी एका मशीनची मोजदाद केली. चौदा प्लगइन्स निघाली, वापरात पाच. एक कुणी बसवलं ते कुणालाच सांगता आलं नाही. दोन माझीच होती, एकदाही न उघडलेली.

वही सांभाळायला मी त्या सातवीतल्या कॅडेटला विचारलं आहे. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.