देवडी उघडत नाही म्हणून भिंत पाडू नका

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. न्यू जर्सीत रविवारी रात्रीचे साडेनऊ, म्हणजे सांगलीत सोमवारी सकाळचे सात. आईला व्हिडिओ कॉल लावायला लॅपटॉप उघडला, तर नेट गायब. कॉल फोनवरून झाला, पण लॅपटॉपचं काय बिघडलं ते कळेना.

माझ्या लॅपटॉपवर क्यूब्स ओएस आहे. जोआना रुत्कोवस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली जाहीर केलेली ही प्रणाली झेन नावाच्या हायपरवायझरवर चालते आणि एकाच संगणकाची अनेक आभासी यंत्रं करते. बँकेचं काम एका यंत्रात, भटकंती दुसऱ्यात. वायफायचं कार्डसुद्धा ‘सिस-नेट’ नावाच्या वेगळ्या यंत्राच्या ताब्यात असतं. वाड्याच्या देवडीसारखं समजा: बाहेरचा माणूस तिथवरच येणार. सगळ्याचा कारभारी असलेल्या ‘डोम-झीरो’ला तर नेटच नसतं.

तर माझी देवडी उघडत नव्हती. सिस-नेट सुरू करायला गेलं की लिबझेनलाइटला नवं यंत्र बनवता आलं नाही, एवढाच निरोप. एका जाणकार मित्राने तोडगा सांगितला: सिस-नेटचा प्रकार बदलून ‘पीव्ही’ कर. केलं. दोन मिनिटांत नेट आलं. तीन आठवडे मी खुशीत होतो, बँकेची कामंही केली.

मग एकदा सहज डोम-झीरोमध्ये हार्डवेअरचा अहवाल देणारी आज्ञा चालवली, क्यूब्स-एचसीएल-रिपोर्ट. त्यात आयओएमएमयू बंद! त्या रविवारी दुपारी मी बायॉसचं अपडेट टाकलं होतं. त्याने सगळी सेटिंग्ज मूळपदावर नेली आणि व्हीटी-डी बंद करून टाकलं.

हे एवढं गंभीर का? नेटवर्क कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू-वाचू शकतं. कामाच्या वेगासाठी ती सोय हवीच. पण कार्डाने मेमरीच्या कुठल्या भागाला हात लावायचा, यावर पहारा असतो तो आयओएमएमयूचा, म्हणजे इंटेलच्या भाषेत व्हीटी-डीचा. पहारा नसेल तर नेहमीच्या प्रकारातलं सिस-नेट सुरूच होत नाही. ‘पीव्ही’ मात्र पहाऱ्याशिवायही चालतं. म्हणजे वायफायच्या ड्रायव्हरमधून कोणी सिस-नेटमध्ये शिरला असता, तर कार्डाकरवी त्याला माझ्या बँकेच्या यंत्राची मेमरीही मोकळी होती. मला बिघाड वाटला तो पहारेकऱ्याने घातलेला अडसर होता, आणि मी तोच काढून टाकला.

माझा मुद्दा एवढाच आहे. ‘चालू झालं’ ही साध्या संगणकावर दुरुस्तीची पुरेशी खूण आहे, क्यूब्सवर नाही. इथे प्रत्येक तोडग्याला आधी विचारा, की याने कुठली भिंत जाते?

उदाहरणार्थ ‘नो-स्ट्रिक्ट-रीसेट’. काही कार्डांना नीट रीसेट होता येत नाही, त्यामुळे सिस-नेट अडतं, आणि हा पर्याय दिला की चालतं. धोका असा, की एका यंत्रातून काढून दुसऱ्याला दिलेलं कार्ड जुन्या यंत्राचा मागमूस घेऊन जाऊ शकतं. पण कार्ड कायम सिस-नेटकडेच राहणार असेल, तर मी हा पर्याय बिनधास्त देतो. सगळेच तोडगे वाईट नसतात.

आणि खरं सांगायचं तर या भिंतींमुळेच बिघाड शोधणं सोपं जातं. तुमच्या यंत्राचं नेट सिस-फायरवॉलकडून येतं, त्याचं सिस-नेटकडून. सिस-नेटमध्ये पिंग चालतं का ते पाहा. चालत असेल तर वायफायला शिव्या देऊ नका, पुढची पायरी तपासा. आकडी पत्त्याला उत्तर येतं पण नावाला नाही, तर घोळ डीएनएसचा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच वायफाय जात असेल, तर त्याचा ड्रायव्हर सिस-नेटमधल्या ‘सस्पेंड-मोड्यूल-ब्लॅकलिस्ट’ या फाइलमध्ये लिहा. झोपताना तो उतरवला जातो. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

बूट होताना एखादं यंत्र सगळंच अडवून धरत असेल, तर पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका (मी एकदा धावलो होतो, शनिवार-रविवार गेला). ग्रबच्या पडद्यावर ‘ई’ दाबा आणि लिनक्स कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘क्यूब्स.स्किप_ऑटोस्टार्ट’ जोडा. कुठलंच यंत्र आपोआप सुरू होणार नाही, आणि दोषी कोण ते तुम्ही एकेक सुरू करून पाहू शकता. डेस्कटॉपवर सिस-यूएसबी केल्यावर डिस्कचा पासवर्ड टाकायला कीबोर्डच चालेना, तर त्याच ओळीतून ‘आरडी.क्यूब्स.हाइड_ऑल_यूएसबी’ काढा आणि वरचा शब्दही जोडा, नाहीतर सिस-यूएसबी उठताच कीबोर्ड पुन्हा जाईल. ग्रबमधला हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. मला तो म्हणूनच आवडतो.

मी काय केलं? बायॉसमध्ये जाऊन व्हीटी-डी चालू केलं, सिस-नेट परत ‘एचव्हीएम’ प्रकारात नेलं आणि बँकेचा पासवर्ड बदलला. आता बायॉसचं प्रत्येक अपडेट झालं की आईला कॉल लावायच्या आधी तो अहवाल पाहतो. मित्राला अजून काही बोललो नाही. त्याच्याकडेही सिस-नेट ‘पीव्ही’वरच चालतंय, हा लेख त्याला आधी पाठवतोय.