८९ विरुद्ध शून्य

१९ मार्च २०२४ रोजी हाँगकाँगच्या विधिमंडळाने नवा सुरक्षा कायदा ८९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. दोनशेहून अधिक पानांचे विधेयक ८ मार्चला मांडले गेले आणि अकराव्या दिवशी काम संपले. अध्यक्ष सहसा मतदान करत नाहीत; त्या दिवशी त्यांनीही केले. आपल्याकडे इतके एकमत आमदारांच्या भत्तावाढीपुरतेच दिसते. या कायद्यावरची चर्चा बहुधा तो हवा की नको यावर अडते. पण तो प्रश्न १९९० सालीच मिटला होता. त्या वर्षी संमत झालेल्या ‘बेसिक लॉ’चे, म्हणजे हाँगकाँगच्या छोट्या राज्यघटनेचे, २३ वे कलम सांगते की देशद्रोह, फुटीरता, राजद्रोह, शासकीय गुपितांची चोरी यांविरुद्धचे कायदे हाँगकाँगनेच करावेत. माझ्या मते सगळा वाद त्यापुढचा आहे: असा कायदा होत असताना त्याला अडवण्याची ताकद कोणाकडे असते?

२००३ साली ती होती. तेव्हाचे मुख्य कार्यकारी, म्हणजे हाँगकाँगचे शासनप्रमुख, तुंग ची-ह्वा यांच्या सरकारने याच कलमाखाली विधेयक आणले, तेव्हा १ जुलैला सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर उतरले. चारच दिवसांत सरकारने तीन बाबतींत माघार घेतली. त्यात पोलिसांना न्यायालयाच्या वॉरंटशिवाय झडती घेऊ देणारी तरतूद गेली आणि गुपित उघड करणाऱ्याला जनहिताचा बचाव मिळाला. तरीही विधेयक पडले, आणि ते पाडण्यात मोठा हात कोणा बंडखोराचा नव्हता. व्यापाऱ्यांच्या लिबरल पक्षाचे जेम्स टिएन हे सरकारचेच माणूस. त्यांनी कार्यकारी परिषदेचा राजीनामा दिला, मतांचे गणित कोलमडले आणि सप्टेंबरमध्ये विधेयक मागे घ्यावे लागले.

यावर बीजिंगच्या बाजूने एक जोरकस आक्षेप येतो: तेव्हाच तो सौम्य कायदा स्वीकारला असता, तर २०२० चा कडक कायदा बीजिंगला वरून लादावा लागला नसता. यात तथ्य आहे. २००३ चा मसुदा आजच्या कायद्यापुढे मवाळ होता, आणि त्यानंतर सतरा वर्षे एकाही मुख्य कार्यकाऱ्याने तो विषय पुन्हा विधिमंडळात आणला नाही. पण तो मसुदा मवाळ झाला तो विरोधामुळेच. २०२० मध्ये विरोधाला जागाच ठेवली नाही. चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीने ३० जूनला कायदा केला, त्याच रात्री अकरा वाजता तो लागू झाला आणि त्याचा मजकूर हाँगकाँगच्या लोकांनी वाचला तोही तेव्हाच. या कायद्याखालच्या खटल्यांसाठी न्यायाधीशांची यादी मुख्य कार्यकारी ठरवणार, ज्यूरी वगळता येणार आणि आरोपी पुन्हा गुन्हा करणार नाही अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याखेरीज जामीन नाही. आपल्या यूएपीए कायद्याचे जामिनाचे कलम ठाऊक असलेल्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा की २०१९ च्या आंदोलनात पेट्रोल बॉम्ब फेकले जात होते, विधिमंडळ फोडले गेले होते. कोणते सरकार हे सहन करील? कोणतेच नाही. पण त्या आंदोलनात दहा हजारांहून अधिक लोकांना अटक झाली ती जुन्याच कायद्यांखाली, आणि दंगलीला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा त्यांत आधीपासून होती. २०२० च्या कायद्याखालचा सर्वांत मोठा खटला दंगलीचा नव्हताच. लोकशाहीवाद्यांनी जुलै २०२० मध्ये आपले उमेदवार ठरवण्यासाठी प्राथमिक निवडणूक घेतली. सहा लाखांवर लोकांनी मत दिले. विधिमंडळात बहुमत मिळवायचे, अंदाजपत्रक फेटाळायचे आणि सरकारला मागण्या मान्य करायला लावायच्या, हा त्यांचा बेत. अंदाजपत्रक फेटाळण्याचा अधिकार बेसिक लॉमध्येच आहे: विधिमंडळ बरखास्त होऊन नव्यानेही ते नाकारले, तर मुख्य कार्यकाऱ्याने पायउतार व्हायचे. हा अधिकार सरसकट वापरण्याचा कट म्हणजे राज्यसत्ता उलथवणे, असे न्यायालयाने ठरवले. ४७ आरोपींपैकी दोघे सुटले. उरलेल्यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये चार ते दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. खटला उभा राहीपर्यंत बहुतेकांची दोन वर्षे कोठडीतच गेली होती.

ब्रिटनमध्येही २०२३ चा सुरक्षा कायदा आहे, हे हाँगकाँग सरकार हमखास सुनावते. आहे, पण तिथे तो संमत होताना समोर विरोधी बाके भरलेली होती. हाँगकाँगमध्ये २०२१ च्या फेरबदलानंतर ९० पैकी फक्त २० जागा थेट मतदानाने भरतात, आणि उमेदवार ‘देशभक्त’ आहे की नाही हे एक समिती आधी तपासते. त्या वर्षी जेमतेम तीस टक्के मतदारांनी मत दिले. अशा विधिमंडळातून आलेल्या २०२४ च्या कायद्याने राजद्रोहाची शिक्षा दोन वर्षांवरून सातवर नेली. सप्टेंबर २०२४ मध्ये आंदोलनाची घोषणा छापलेला टी-शर्ट घालून फिरल्याबद्दल एका तरुणाला या कलमाखाली चौदा महिन्यांची कैद झाली. २००३ च्या सभागृहात या कलमावर निदान तास-दोन तास खडाजंगी झाली असती. मे २०२५ मध्ये याच कायद्याखालचे नवे नियम आले; ते आधी लागू झाले, विधिमंडळापुढे तपासणीसाठी नंतर गेले.