चकली बंद!

आमच्या गल्लीतल्या फराळवाल्या काकूंनी या आठवड्यात दारावर पुठ्ठा लटकवला: ‘चकलीची ऑर्डर बंद. चिवड्याचं विचारा.’ दिवाळी अजून बरीच लांब, त्यामुळे सोसायटीत कुरकुर सुरू झाली. ‘धंदा करायचा तर नाही म्हणून कसं चालेल?’ असं विचारणाऱ्यांनी जन्मात कधी सोऱ्या पिळलेला नसावा. माझ्या मते वर्षभरातली सगळ्यात शहाणी पाटी हीच. दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवस. परदेशातल्या लेकीसुनांचे डबे आधी रवाना करायचे, कढई एक, मदतीला बाया दोन. त्यात अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून, कुटून, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचं. पिठाचा अंदाज चुकला की अनारसा तुपात हसतो आणि करणारी रडते! एवढं सगळं झाल्यावर आपण पिशवी पुढे करून म्हणणार, ‘पाच किलो घेतोय, काहीतरी कमी करा.’ तूपवाला, तेलवाला, डाळवाला यांच्यापुढे आपली जीभ उचलत नाही. सवलत तेवढी काकूंनीच द्यायची. त्यांनी उलट निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत आणि ‘भाऊबीजेनंतर देतो’वाल्यांना खुशाल वाटेला लावावं. शंकरपाळ्यांची ऑर्डर मात्र अजून चालू आहे म्हणे. माझे दोन किलो सांगून झालेत, तुमचं तुम्ही बघा.